गॅरेजमधलं विमान: एक रिबिट, चार हात

आम्ही अमेरिकेत, ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडजवळच्या या घरात राहायला आलो तेव्हा रात्री आठच्या सुमाराला शेजारून 'ट्र्र्र' असा आवाज यायचा. दोनेक सेकंद. मग शांतता. मग पुन्हा ट्र्र्र. नवऱ्याचं म्हणणं, फरशी फोडतायत. माझं म्हणणं, गाडीचं काहीतरी. एका शनिवारी त्यांच्या गॅरेजचं शटर वर होतं आणि आत लाकडी स्टँडवर एक लांबलचक चंदेरी सांगाडा आडवा पडलेला होता. विमानाचा पंख. एका अंगाला शेजारी, दुसऱ्या अंगाला त्यांची तेरा वर्षांची मुलगी, दोघांच्याही कानांवर मफ. ओळखपाळख झाल्यावर मी पहिला प्रश्न विचारला तो असा: "हे खरंच उडणार?"

"उडायला हवं," ते म्हणाले. "नाहीतर फार महागाचं कपाट होईल."

पुढची काही वर्षं मी त्या गॅरेजमध्ये जात-येत राहिले. सुरुवातीला बघायला, नंतर हाताखाली. मी इंजिनिअर नाही, पायलट तर नाहीच. पण घरी विमान बांधणं म्हणजे नेमकं काय करतात, ते कायद्यात कसं बसतं आणि त्यात घरच्यांचा संबंध कुठे येतो, एवढं आता मला सांगता येईल.

शेजाऱ्यांचं विमान किटचं, म्हणजे सुटे भाग मागवून घरी जोडायचं. किट म्हटलं की डोळ्यासमोर येतं ते खोक्यातून निघणारं फर्निचर: आठ स्क्रू, एक पाना, संध्याकाळपर्यंत टेबल तयार. विमानाच्या किटमध्ये येतात ते कापलेले पत्रे, दाबून आकार दिलेल्या बरगड्या, पट्ट्या, नटबोल्ट, पत्रे जोडायची हजारो रिबिटं आणि पानंच्या पानं ड्रॉइंग. इंजिन त्यात नसतं. फिरणारा पंखा, म्हणजे प्रोपेलर नसतो, मीटर नसतात, रंग नसतो. ते सगळं वेगळं घ्यायचं. किटही एकदम घेत नाहीत. बहुतेक जण आधी नुसतं शेपूट मागवतात, ते जमलं तर पंख, मग मधला सांगाडा, शेवटी काचा, चाकं आणि बाकीचं.

या धंद्यातली सगळ्यात मोठी कंपनी आमच्याच राज्यात आहे. रिचर्ड व्हॅनग्रन्सवेन या गृहस्थांनी १९७३ साली ती सुरू केली, नाव व्हॅन्स एअरक्राफ्ट, पत्ता ऑरोरा, ऑरेगन. त्यांची आरव्ही नावाची दोन आणि चार आसनी विमानं लोकांनी आपापल्या घरी बांधली आणि अशी अकरा हजारांवर विमानं आजवर उडाली आहेत. ही पत्र्याची विमानं. दुसरी पद्धत फोम कापून त्यावर काचेच्या धाग्याचं कापड आणि रेझिन चढवण्याची. बर्ट रुटान यांनी सत्तरच्या दशकात तिला लोकप्रिय केलं. लाकूड, किंवा लोखंडी नळ्या आणि वर ताणलेलं कापड, हे आणखी जुने प्रकार. मला माहीत आहे तो पत्रा, म्हणून पुढचं सगळं पत्र्याचं.

आता कायदा. अमेरिकेत विमानवाहतुकीचा कारभार एफएए बघते. कारखान्यातून निघणाऱ्या विमानाला तिचं प्रमाणपत्र लागतं आणि ते मिळवण्यात कंपन्यांची वर्षं आणि कोट्यवधी डॉलर जातात. मग गॅरेजमधल्या माणसाला परवानगी मिळतेच कशी? त्यासाठी एक वेगळी खिडकी आहे, 'एक्सपेरिमेंटल, अमॅच्युअर-बिल्ट' नावाची. तिची मुख्य अट अशी की विमान बांधण्याचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी, स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी केलेलं असावं. सगळे याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात.

हे ५१ टक्के वजनाचे नाहीत आणि पैशांचेही नाहीत. कामांची एक यादी असते: ही बरगडी बसवली, तो पत्रा जोडला, ही दांडी लावली. त्या कामांतली निम्म्याहून जास्त तुमच्या हातून व्हायला हवीत. इंजिन, पंखा, टायर, मीटर हे कोणी स्वतः घडवावं अशी अपेक्षा नाही, ते हिशोबातच धरत नाहीत. 'तुम्ही' एकटेच असलं पाहिजे असंही नाही. बाप, आई, पोरं, मित्र, सगळे हौशी असले की त्यांचं काम मोजलं जातं. पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेतलेलं काम मात्र तुमच्या पारड्यात पडत नाही. म्हणून प्रत्येक जण वही ठेवतो: तारीख, काम, तास आणि फोटो. फोटोत नुसता पंख असून भागत नाही, पंखाशी काम करणारं माणूसही दिसावं लागतं. शेजाऱ्यांच्या वहीत मुलीचे फोटो लागोपाठ पाहिले तर ती पानागणिक उंच होत गेलेली दिसते.

या नियमामागचा विचार मला आवडतो. सरकार म्हणतं, तुमचं विमान सुरक्षित आहे याची हमी आम्ही देत नाही, पण तुम्हाला शिकायचं असेल तर आम्ही आडवं येणार नाही. त्याच्या बदल्यात विमानावर ठळक अक्षरांत 'एक्सपेरिमेंटल' असं लिहायचं आणि आत बसणाऱ्याला दिसेल अशी पाटी लावायची की हे हौशी माणसांनी बांधलेलं आहे, नेहमीच्या विमानांचे सुरक्षा नियम याला लागू होत नाहीत. भाडं घेऊन यात कोणाला फिरवता येत नाही.

आता तो ट्र्र्र.

आपल्याकडे वर्कशॉपमध्ये रिव्हेटला रिबिट म्हणतात. कढईचे कान पाहा, ते रिबिटानं बसवलेले असतात. विमानाचा पत्राही तसाच जोडतात, वेल्डिंग करत नाहीत. कारण हा साधा अ‍ॅल्युमिनियम नव्हे. त्यात तांबं मिसळून, तापवून, थंड करून त्याला ताकद आणलेली असते. त्याचा नंबर २०२४-टी३. पुन्हा वेल्डिंगच्या आचेत धरला की कमावलेली ताकद त्या जागी जाते आणि चिरा पडतात. पत्रा असतो पाऊण मिलिमीटरच्या आसपास. बोटांनी वाकेल इतका. पण बरगड्यांवर ताणून दोन-अडीच सेंटिमीटरवर एकेक रिबिट मारत गेलं की हाच पत्रा कडक होतो, सुटी पट्टी वाकते आणि पत्र्याचा डबा वाकत नाही तसा.

रिबिटाच्या पाकिटावर लिहिलेलं असतं एएन४२६एडी३-३.५. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते गाडीच्या नंबरासारखं वाटलं होतं. 'एएन' म्हणजे अमेरिकी लष्कर आणि नौदलाचं जुनं मानक. '४२६' म्हणजे डोकं पत्र्याच्या पातळीत बसणारा, वर न उचललेला प्रकार, कारण वाऱ्याला अडथळा नको. 'एडी' हा मिश्रधातू. '३' म्हणजे जाडी, इंचाचे तीन बत्तीसांश. '३.५' म्हणजे लांबी, इंचाचे साडेतीन सोळांश. आपल्या मापात साधारण २.४ मिलिमीटर जाड आणि साडेपाच मिलिमीटर लांब. ज्वारीच्या दाण्यापेक्षा फार मोठा नाही.

तो बसवायच्या आधी बरंच काही करावं लागतं. भोकं कारखान्यातूनच पाडून येतात, आणि इतकी अचूक की दोन भागांची भोकं जुळली की समजायचं भाग सरळ बसले. पूर्वी यासाठी मोठे लाकडी साचे बांधावे लागत. पण भोकाच्या कडेला ड्रिलची जी बारीक खरखर राहते ती प्रत्येक भोकाची, दोन्ही बाजूंनी काढावी लागते. नाहीतर तिथूनच पुढे चीर जाते. पत्र्याच्या कडा कानशीनं घासून गुळगुळीत करायच्या. मग रिबिटाचं डोकं आत बसावं म्हणून पत्र्याला भोकापाशी खळी पाडायची. इंग्रजीतही तिला डिंपलच म्हणतात, गालावरच्या खळीचाच शब्द. मग गंज लागू नये म्हणून प्रायमर. मग क्लेको. क्लेको म्हणजे बोटाएवढी स्प्रिंगची खुंटी. खास पक्कडीनं दाबून भोकात घालायची आणि सोडायची, की ती दोन पत्रे घट्ट धरते. लहान भोकाची चंदेरी, मोठ्याची तांब्याच्या रंगाची. शेकडो क्लेको लागलेला पंख साळिंदरासारखा दिसतो. सहा-सात वर्षांचं पोरही हे काम आनंदानं करतं आणि कंटाळेपर्यंत बरोबर करतं.

आणि मग रिबिट. भोकात घातला, बाहेरून डोक्यावर हवेच्या दाबावर चालणारी गन टेकवली. आतल्या बाजूनं रिबिटाच्या शेपटीवर एक घोटीव पोलादी ठोकळा धरला. त्याला बकिंग बार म्हणतात. गन सुरू झाली की रिबिट गन आणि ठोकळा यांच्यामध्ये सापडतो आणि त्याची शेपटी बसकी होऊन पसरते. ट्र्र्र. झालं.

पंखाच्या पत्र्याला बाहेरून गन लावायची तर तोच माणूस आत हात घालून ठोकळा धरू शकत नाही. काही जागा हातातल्या दाबपक्कडीनं एकट्याला करता येतात, पण मधल्या जागांना दोन माणसं लागतातच. 'कौटुंबिक प्रकल्प' हा शब्द ऐकायला गोड वाटतो, पण इथे तो गोडव्यासाठी नाही. एका माणसाचा हात पुरत नाही, एवढंच त्याचं कारण आहे. आणि रात्री आठ वाजता, रोज, फुकट, दुसरे दोन हात कोणाचे मिळणार? घरातल्यांचेच.

मी पहिल्यांदा ठोकळा धरला तेव्हा शेजारची मुलगी माझी मास्तरीण होती. ठोकळा सरळ धर. फार दाबू नकोस, पण सैलही सोडू नकोस. गन थांबेपर्यंत काढू नकोस. गनवाला विचारतो "रेडी?", ठोकळेवाल्यानं "गो" म्हटल्याशिवाय तो घोडा दाबत नाही. मी "गो" म्हटलं, ट्र्र्र झालं, दंड झिणझिणला, आणि बघते तर शेपटी एका अंगाला कलंडलेली, पायाखाली आलेल्या खिळ्यासारखी. माझा ठोकळा केसभर तिरका होता. पोरीनं माप लावून पाहिलं आणि पलीकडे ओरडली, "काढायला लागेल." बाप काही न बोलता ड्रिल आणायला गेला.

चांगल्या शेपटीचं माप ठरलेलं आहे: पसरलेली रुंदी मूळ जाडीच्या दीडपट आणि उंची निम्मी. म्हणजे या रिबिटाला रुंदी साधारण साडेतीन मिलिमीटर, उंची सव्वा. त्यासाठी भोकं पाडलेली पत्र्याची छोटी पट्टी मिळते. पण मला मापापेक्षा जास्त लक्षात राहिलं ते दुसरंच. रिबिट कसा बसला हे गनवाल्याला दिसत नाही. त्याला बाहेरून फक्त सपाट डोकं दिसतं, आणि ते जवळजवळ नेहमीच छान दिसतं. खरं काय झालं ते आतल्या बाजूच्या माणसालाच कळतं. म्हणून या गॅरेजमध्ये नियम होता: ठोकळेवाल्याचा शब्द अखेरचा. तो तेरा वर्षांचा असला तरी. ज्या घरात पोरांनी मोठ्यांना "चुकलं, परत कर" म्हणायची सोय नाही, त्या घरानं या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत झालंय.

बिघडलेला रिबिट काढायचा म्हणजे डोक्याच्या बरोबर मध्यावर ड्रिल करून डोकं उडवायचं आणि उरलेला दांडा हळूच ठोकून काढायचा. यात हात हलला तर भोक मोठं होतं आणि मग जाड रिबिट शोधावा लागतो. त्यामुळे जुनी माणसं सांगतात, थोडासा कमी-जास्त बसलेला रिबिट असला तर राहू दे. तो काढण्याच्या नादात तू जे बिघडवशील ते जास्त वाईट असेल. कुठला सोडायचा आणि कुठला काढायचा, हे कळायला पहिले हजारभर जातात.

एकूण किती? दोन आसनी विमानाला दहा-पंधरा हजार. सगळं मिळून दीड ते दोन हजार तासांचं काम. आठवड्याला दहा तास धरले तर तीन-चार वर्षं, आणि दर आठवड्याला दहा तास कोणाला मिळतात? सर्दीचे आठवडे, परीक्षा, ऑफिसचे दौरे, सासुरवाड. शेजाऱ्यांना सहा वर्षं लागली. घरी विमान बांधायचं काम अवघड आहे असं मी म्हणणार नाही. कुठलीही एक कृती घेतली तर ती दुपारभरात शिकता येते. ते लांबलचक आहे. अर्ध्यावर सोडलेली किटं विकायच्या जाहिराती नेहमी असतात, आणि त्यात कारण लिहिलेलं असतं ते बहुधा कौशल्याचं नसतं: बाळ झालं, बदली झाली, घटस्फोट झाला. म्हणून आधी शेपूट घ्यायचं. तुमच्या घराला हे झेपतंय का, ते शेपटावर कळतं.

माझी आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती तेव्हा तिलाही मी तिकडे नेलं. तिला पंखाचं कौतुक वाटलं नाही. तिचं लक्ष गेलं सांडलेल्या रिबिटांच्या डब्याकडे. ३.५ आणि ४ या लांब्या एकमेकींत मिसळल्या होत्या. दोघींत फरक पाऊण मिलिमीटर. शेजारीण बिचारी माप घेऊन एकेक तपासत होती. आईनं ताट मागितलं, रिबिटं त्यात पसरली आणि तांदूळ निवडावे तशी चष्म्याच्या वरून बघत निवडायला लागली. तासाभरात दोन वाट्या भरल्या. शेजारणीनं मापानं वीस-पंचवीस तपासून पाहिले, सगळे बरोबर. "यात काय आहे," आई मला म्हणाली, "एवढंही दिसत नसेल तर विमान कशाला करायला घेतलं?" हे मी भाषांतर न करता सोडून दिलं.

पंखाच्या पुढच्या कडेत पेट्रोलची टाकी असते. म्हणजे वेगळी टाकी नाही, पंखाचाच तो भाग आतून बंद करून टाकी होते. त्यासाठी दोन भाग कालवून करायचं एक करडं सीलंट येतं. ते चिकट, वास मारणारं, आणि कालवलं की घड्याळ सुरू: थोड्या वेळात घट्ट होतं. शेजाऱ्यांच्या घरात सगळ्यात जास्त भांडणं या टाकीच्या आठवड्यांत झाली. ते केसांना लागतं, दाराच्या मुठीला लागतं, कुत्र्याला लागतं. शेवटी टाकी गळते का ते बघायची पद्धत मात्र झकास. सगळी तोंडं बंद करायची, एका तोंडाला रबरी फुगा बांधायचा, आत किंचित हवा भरायची आणि फुगा दुसऱ्या दिवशी उभा आहे का बघायचं. रिबिटांवर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा आला तिथे गळती. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

पैशांचं बोलायला हवं. दोन आसनी विमान इंजिन, मीटर, रंग धरून लाख-दीड लाख डॉलरला पडतं, हौस असेल तर त्याच्याही वर. चार आसनीला दोन लाखांच्या वर सहज जातात. नवं कोरं चार आसनी सेसना १७२ घ्यायला गेलं तर चार लाखांच्या वर. म्हणजे बचत आहे, पण तुमच्या दोन हजार तासांची मजुरी शून्य धरली तरच. 'स्वस्तात पडतं' म्हणून बांधायला घेणाऱ्याला मी तरी जुनं विमान विकत घे असंच सांगीन. बहुतेक लोक खर्च वर्षांवर पसरतात, एकेक भाग मागवत. त्यात जोखीमही असते. २०२३ च्या डिसेंबरमध्ये खुद्द व्हॅन्सला दिवाळखोरीच्या कायद्याखाली कोर्टाचं संरक्षण मागावं लागलं. लेझरनं कापलेल्या भोकांना खळी पाडताना चिरा जातात, हे त्यामागच्या कारणांपैकी एक होतं. २०२४ मध्ये कंपनी त्यातून सावरली, पण किटांच्या किमती चढल्या. त्या एवढ्याशा भोकाची कड किती महत्त्वाची, हे त्या वर्षी सगळ्यांनाच कळलं.

इंजिन बहुतेक जण तयार विकत घेतात. नेहमीचं म्हणजे लायकमिंग कंपनीचं चार सिलिंडरचं, हवेनं थंड होणारं, १६० किंवा १८० अश्वशक्तीचं. गाडीच्या इंजिनापुढे ते जुनाट वाटतं, पण एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. प्रत्येक सिलिंडरला दोन-दोन स्पार्क प्लग आणि त्यांना ठिणगी देणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो. इंजिन फिरतंय तोवर मॅग्नेटो स्वतःच वीज तयार करतो. म्हणजे बॅटरी मेली, सगळे पडदे काळे पडले, तरी इंजिन चालू राहतं. रस्त्याच्या कडेला थांबायची सोय नसलेल्या वाहनाला हे बरंच. वायरिंग शेजारणीनं केलं, एकटीनं, अकरा महिन्यांत, आणि त्या काळात कोणाला गॅरेजमध्ये येऊ दिलं नाही. त्याबद्दल मला सांगण्यासारखं म्हणूनच काही नाही.

हे सगळं लोक एकट्यानं, आंधळेपणानं करत नाहीत. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकीत ईएए ही घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना सुरू केली. तिच्या गावोगावी शाखा आहेत आणि अनुभवी सभासद फुकट घरी येऊन काम तपासून जातात. शेजाऱ्यांकडे यायचे ते आजोबा खिशातला आरसा आणि बॅटरी काढून पंखाच्या आत बघत आणि कॉफी पिऊन होईपर्यंत काहीच बोलत नसत. दर वर्षी जुलैअखेर विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश गावी संघटनेची जत्रा भरते. होय, जत्राच, आपल्या अर्थानं: तंबू, धूळ, उकाडा, ओळखीची माणसं. त्या आठवड्यात दहा हजारांवर विमानं त्या परिसरात उतरतात.

सांगाडा तयार झाला की तो पंख वेगळे ठेवून ट्रेलरवरून विमानतळावर न्यायचा आणि तिथे जोडायचा. (गॅरेजच्या दारातून निघेल का, हे आधी मोजून ठेवायचं असतं. हसू नका.) मग वजन. तीन चाकांखाली तीन काटे. नुसतं एकूण वजन पुरत नाही, गुरुत्वमध्य कुठे येतो ते काढावं लागतं. तराजूची दांडी जिथे धरली की सम राहते ती जागा. ती ठरलेल्या हद्दीच्या मागे गेली तर शेपूट जड होतं आणि विमान एकदा नाक वर करून मंदावलं की सावरत नाही. त्यानंतर एफएएचा किंवा तिनं नेमलेला तपासनीस येतो. विमान बघतो, वह्या बघतो, पटलं तर प्रमाणपत्र देतो. विमान बांधणाऱ्याला दर वर्षीची तपासणी स्वतः करायचा परवानाही मिळू शकतो, पण एका विमानाला एकाच माणसाला. शेजाऱ्यांकडे तो शेजारणीच्या नावावर आहे.

आता नको असलेला विषय. अशी विमानं जास्त पडतात का? हो. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळानं, म्हणजे एनटीएसबीनं, २०१२ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०११ मध्ये खासगी आणि हौशी वापराच्या विमानांत घरी बांधलेली साधारण १० टक्के होती, पण अपघातांत त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के आणि जीवघेण्या अपघातांत २१ टक्के होता. कारणांत वरच्या नंबरावर दोन: इंजिनाची भानगड आणि विमानावरचा ताबा सुटणं. पंख तुटून पडला, रिबिटं निघाली, हे फारसं घडत नाही. लोकांना भीती वाटते ती पत्र्याची. जीव जातो तो बहुधा इंधनाच्या नळीपायी, नाहीतर नव्या विमानाची सवय नसल्यापायी.

गायक जॉन डेन्व्हर १९९७ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या माँटेरे उपसागरात कोसळून वारले ते अशाच एका विमानात. रुटान यांच्या रचनेचं लाँग-ईझी, दुसऱ्याच कोणीतरी बांधलेलं, त्यांनी नुकतंच विकत घेतलेलं. एका टाकीतलं पेट्रोल संपलं की दुसरीवर जायचा कॉक मूळ नकाशाप्रमाणे समोर, पायांमध्ये असायला हवा होता. बांधणाऱ्यानं तो पायलटच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. हेतू वाईट नव्हता, पेट्रोलची नळी बैठकीच्या जागेत येऊ नये एवढाच. पण मागे वळून कॉक फिरवताना पाय रडरच्या, म्हणजे विमान वळवायच्या, पेडलवर दाबला जातो आणि विमान वळतं. तपासात हीच गोष्ट पुढे आली. घरी बांधलेलं विमान बांधणाऱ्याच्या अंगवळणी असतं, विकत घेणाऱ्याच्या नसतं. म्हणून आता नव्या मालकानं आधी त्याच जातीच्या विमानावर अनुभवी माणसाबरोबर शिकावं असा आग्रह असतो.

आपल्याकडे काय? मराठी वाचकाला या विषयात एकच नाव आठवतं, कॅप्टन अमोल यादव. कांदिवलीत चारकोपला राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं आणि २०१६ च्या फेब्रुवारीत ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडलं. ते किट नव्हतं, रचनाच त्यांची स्वतःची होती. म्हणजे इथल्या शेजाऱ्यांनी जे केलं त्याच्या कितीतरी पट अवघड. आणि त्याहून अवघड निघाली नोंदणी. आपल्या नियमांत अशा विमानाला ती वेगळी खिडकी नीट उघडी नव्हती. विमानवाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, नोंदणी हातात यायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. मी ही गोष्ट शेजाऱ्यांना सांगितली तेव्हा त्यांना गच्चीचं काही वाटलं नाही. "वर रिबिटं कोण धरत होतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मोठं एकत्र कुटुंब आहे. ते म्हणाले, "मग ठीक."

शेजाऱ्यांचं विमान गेल्या सप्टेंबरात पहिल्यांदा उडालं. धावपट्टीच्या कडेला आम्ही सगळे उभे होतो, आणि सगळ्यांना उभंच राहावं लागलं. कारण पहिले तास चाचणीचे असतात. इंजिन आणि पंख्याची जोडी आधीच मान्यताप्राप्त असेल तर २५ तास, नसेल तर ४०, ठरवून दिलेल्या भागातच आणि प्रवासी न घेता. यांच्या वाट्याला ४० आले. सहा वर्षं ज्या हातांनी आतून ठोकळा धरला, त्या पोरीला आत बसायची परवानगी नाही. ती आता एकोणीस वर्षांची आहे आणि कॉलेजातून शनिवारी घरी येते. फ्रिजवर तिनं चौकोनांचा एक कागद लावलाय, एका तासाला एक चौकोन. काल बघितलं तेव्हा एकतीस भरले होते. पावसाळी हवेमुळे दोन आठवडे कागद तसाच आहे, आणि ती रोज बापाला मेसेज करून ढगांची उंची विचारते.